८×४२ ची दुर्बीण: तीन वर्षं, अकरा कॅम्प आणि एक खंड्या

तीन वर्षं वापरून झाल्यावर लिहितेय, बॉक्स उघडल्या उघडल्या लिहिलेलं हे नाहीये. या तीन वर्षांत आमचे अकरा कॅम्प झाले, सगळे गावाबाहेरचे, कुठे माळाच्या कडेला तर कुठे ओढ्याकाठी तंबू ठोकून दोन-दोन तीन-तीन रात्री राहायचं आणि बसल्या जागेवरून पक्षी-प्राणी बघायचे, बाकी काही प्लॅन नाही. प्रत्येक कॅम्पला ही दुर्बीण गळ्यात होती. पावसात भिजली, रात्रभर दवात राहिली, एकदा खुर्चीवरून थेट दगडावर पडली, लेकीने दोनदा वाळूत ठेवली, अजून ठणठणीत आहे. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण मधल्या रेंजमधल्या या आकड्यांच्या बऱ्याच दुर्बिणी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असतात, आणि मला जे सांगायचंय ते त्या आठ आणि बेचाळीस या आकड्यांबद्दल आहे. बहुतेकजण तिथेच फसतात, आम्हीही फसलो होतो.

आधी आमच्याकडे एक झूमवाली होती, १० ते ३० पट मोठं दाखवणारी, पुढच्या काचा मात्र २५ मिमीच्या. बॉक्सवर हरणाचा इतका जवळचा फोटो की पापण्या मोजता येतील. तिला घेऊन गेलेल्या पहिल्याच कॅम्पला संध्याकाळी माळावर काहीतरी हललं म्हणून ती डोळ्याला लावली, झूम पूर्ण केला, आणि एक काळपट गोळा थरथरताना दिसला बस. ससा होता का दगड होता का आणखी काही, ते आजपर्यंत कळलेलं नाही. तेव्हा वाटलं पीस खराब आला. नंतर जरा वाचलं, दोन-चार अनुभवी पक्षीनिरीक्षकांना विचारलं, तेव्हा कळलं की पीस खराब नव्हता, गणितच तसं आहे.

ते गणित सोपं आहे म्हणून इथेच सांगते. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा आकडा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागायचं, जे येतं तेवढ्या रुंदीचा उजेडाचा झोत मागून तुमच्या डोळ्यात शिरतो. ८×४२ मध्ये ५.२५ मिमी. आमच्या जुन्या झूमवालीत ३० पटीवर एक मिमीसुद्धा नाही, जेमतेम ०.८. आता आपल्या डोळ्याची बाहुली उन्हात दोन-तीन मिमीची असते, पण अंधार पडायला लागला की ती मोठी होते, तरुणपणी सातच्या आसपास जाते, वय वाढेल तशी कमी उघडते. म्हणजे दुपारी झूम कमी ठेवला तर दोन्ही दुर्बिणींत उजेडाचा फारसा फरक जाणवणार नाही, दुकानात लाइटखाली बघितलं तर तर अजिबातच नाही, पण सूर्य बुडाल्यावर डोळा पाच-सहा मिमी उघडून बसलाय आणि दुर्बीण त्याला एक मिमीसुद्धा देत नाहीये, मग काळंच दिसणार. आणि जितके पट मोठं तितके पट हाताचं कापणंही मोठं, ते वेगळंच. कॅम्पिंगला जे बघायचं असतं ते नेमकं संध्याकाळच्या त्या अर्ध्या-पाऊण तासात आणि पहाटे बाहेर पडतं. ससे, घुबडं, रातवे, रानमांजर, सगळ्यांची ड्युटी तेव्हाच सुरू होते. म्हणून पट कमी आणि उजेड जास्त. माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, बाकी सगळं याच्या खाली.

मागच्या वर्षीची एक संध्याकाळ सांगते म्हणजे पटेल. सूर्य बुडून वीसेक मिनिटं झाली होती, नुसत्या डोळ्यांना गवत आणि आकाश एवढंच कळत होतं, नवरा म्हणाला चला आता आत, काही दिसत नाही. मी सहज गवताच्या कडेवरून दुर्बीण फिरवली आणि एक पांढरं काहीतरी जमिनीपासून माणसाच्या उंचीवर अगदी सावकाश येताना दिसलं. गव्हाणी घुबड. बदामाच्या आकाराचा तो पांढरा चेहरा पूर्ण खाली झुकलेला, शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं, जसं कोणी हरवलेली वस्तू शोधतंय. मध्येच हवेत थांबलं, पंख वर गेले, पाय पुढे आले आणि गवतात पडलं. आवाज शून्य. त्याच्या पंखांच्या कडांना बारीक झालर असते त्यामुळे हवा कापल्याचा आवाज होत नाही, आणि त्याचे दोन कान एका पातळीवर नसतात, एक जरा वर एक जरा खाली, त्यावरून गवताखालचा उंदीर नेमका कुठे आहे ते त्याला अंधारातही ऐकून कळतं. हे मी वाचलेलं होतं, पण त्याची मान डावी-उजवी होत होत एका जागी स्थिर होताना बघितली तेव्हा खरं समजलं की ते बघत नाहीये, ऐकतंय. नुसत्या डोळ्यांनी आम्ही त्या वेळी तंबूत गेलो असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे नजरेचा आवाका. आठ पटीच्या दुर्बिणीत साधारण हजार मीटरवर १३० मीटरच्या आसपास रुंदी दिसते, दहा पटीत ती ११० च्या जवळ येते. ऐकायला फरक कमी वाटतो, पण झुडपात उड्या मारणारा छोटा पक्षी शोधताना तोच फरक सापडणं आणि न सापडणं यातला असतो. नवीन माणूस दुर्बीण आधी डोळ्याला लावतो आणि मग पक्षी शोधतो, तसं कधीच सापडत नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्यावर नजर रोखायची, नजर तिथून हलवायची नाही, मान हलवायची नाही, आणि दुर्बीण वर आणून डोळे आणि पक्षी यांच्या मध्ये घालायची. लेकीला हे शिकवायला एक दुपार लागली, तंबूच्या खुंट्यांवर प्रॅक्टिस केली, आता ती माझ्याआधी पकडते.

आता खंड्याची गोष्ट, खरंतर त्याच्यासाठीच हे लिहायला घेतलं.

आमचा सातवा का आठवा कॅम्प, एका ओढ्याच्या वळणावर. समोरचा काठ मातीचा, सरळ उभा कापलेला, माणसापेक्षा उंच. आम्हाला वाटलं बसायला मस्त जागा, म्हणून पाण्याच्या अगदी कडेला चार खुर्च्या मांडल्या, समोरचा काठ पंधरा-वीस मीटरवर. सकाळी एक छोटा खंड्या आला, निळाशार पाठ, नारिंगी पोट, पाण्यावर वाकलेल्या फांदीवर बसला. चोचीत मासा. आम्ही सगळे खूश. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मी दुर्बीण दिली, "बाबा, तुम्ही घ्या आधी." ते बराच वेळ बघत बसले, परत द्यायचं नावच नाही. मग म्हणाले, "अगं, हा खात का नाहीये?"

मी घेऊन बघितलं. खरंच, दहा मिनिटं झाली असतील, मासा चोचीत आडवाही नाही, उभा धरलेला, आणि तो मान वर-खाली करतोय, शेपूट झटकतोय, पण गिळत नाहीये. चोच नीट बघितली तर खालचा भाग लालसर, म्हणजे मादी, नराची चोच काळी असते. आणि माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला. हे दिसलं आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख पडलं. खंड्या स्वतः खाणार असेल तर मासा डोक्याकडून गिळतो, म्हणजे खवले आणि काटे उलटे लागत नाहीत, म्हणून चोचीत तो डोकं स्वतःच्या घशाकडे करून धरतो. डोकं बाहेर करून धरलंय म्हणजे तो मासा दुसऱ्याला भरवायचाय, आणि समोरचा गिळणार डोक्याकडूनच. कधी नर मादीला असा मासा देतो, पण इथे मादीच घेऊन बसली होती, म्हणजे पिल्लं असणार. मग मातीच्या काठावर दुर्बीण सावकाश फिरवली, आणि वरून हातभर खाली एक गोल भोक, त्याच्या खालच्या ओठावरून पांढरी विष्ठा ओघळलेली. घरटं. बरोब्बर आमच्या खुर्च्यांच्या समोर. ती बिचारी दहा मिनिटं भरलेला घास चोचीत धरून आम्ही उठायची वाट बघत होती आणि आम्ही तिच्याकडे बघून खूश होत होतो.

खूप वाईट वाटलं. कुणी काही बोललं नाही, हळूच खुर्च्या उचलल्या आणि मागे मागे करत साठ-सत्तर पावलं लांब एका झाडाखाली नेल्या. बसून चार मिनिटं झाली नसतील, निळी रेघ पाण्यावरून सुसाट आली आणि सरळ भोकात. लगेच बाहेर, एक डुबकी पाण्यात, आणि पुढचा मासा शोधायला. मग तर रांगच लागली, नर-मादी दोघं आळीपाळीने, दर वीसेक मिनिटांनी एकजण. लेकीने वहीत वेळा लिहिल्या, दुपारपर्यंत चौदा खेपा. एवढ्या लांबून आठ पट म्हणजे जणू सात-आठ मीटरवर बसून बघतोय, माशाचा खवला चमकलेलासुद्धा दिसत होता, आणि त्यांच्या दृष्टीने आम्ही तिथे नव्हतोच.

तेव्हापासून माझं दुर्बिणीकडे बघणं बदललं. मी ती जवळून बघायचं साधन म्हणून घेतली होती. आता वाटतं ती लांब राहायचं साधन आहे. प्राण्याने खाणं थांबवलं, मान वर केली, एकाच जागी ताठ उभा राहिला, पक्षी एकसारखा ओरडायला लागला, टिटवी डोक्यावर घिरट्या घालायला लागली, की आपण जास्त जवळ आहोत, मागे सरायचं. ही लक्षणंही दुर्बिणीतूनच नीट कळतात, नुसत्या डोळ्यांना ती कळेपर्यंत तो पळालेला असतो.

फोनबद्दल एक बाजूला सांगते. आवाज ओळखणारी ॲप आता खूप छान आहेत, कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीचं मर्लिन आम्ही वापरतो, फुकट आहे आणि पहाटेच्या गलक्यातून चार-पाच नावं काढून देतं. पण ते नाव पक्कं न धरता कुठल्या दिशेला बघायचं याचा इशारा म्हणून घ्यावं आणि मग पक्षी डोळ्यांनी बघावा. आणि प्लीज त्यातले आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला बोलवू नका, त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला, तो पिल्लं टाकून भांडायला येतो.

आता जवळचं बघणं. ही दुर्बीण दोन मीटरपर्यंत फोकस होते आणि हे बॉक्सवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, घेताना कुणी बघत नाही. पण दुपारी बारा ते तीन, जेव्हा पक्षी गप्प असतात, तेव्हा कॅम्पवर हेच कामाला येतं. तंबूच्या दोरीवर चतुर येऊन बसतात. चतुर पंख पसरून बसतो, त्याची नाजूक चुलतबहीण टाचणी, ती बहुतेक वेळा पंख पाठीवर मिटून बसते, एवढ्यावर दोघींतला फरक मुलांना कळतो. दोन मीटरवरून चतुराचं डोकं बघाच एकदा. सगळं डोकं म्हणजे डोळेच, मोठ्या चतुराच्या एकेका डोळ्यात तीस हजारांच्या आसपास बारीक डोळे असतात, उन्हात त्यावर हिरवा-तपकिरी रंग सरकतो. पंखाच्या टोकाजवळ एक छोटा गडद ठिपका, जाळी इतकी स्पष्ट की लेक ती मोजायला बसली होती. एक चतुर माशी घेऊन आला आणि आमच्यासमोर खाल्ली, जबडा आडवा हलतो त्यांचा, ते बघून ती अर्धा तास बोलत होती. आणखी एक युक्ती, दुर्बीण उलटी करून एका डोळ्याला पुढची मोठी काच लावायची आणि मागची छोटी काच मुंगीच्या किंवा फुलाच्या अगदी जवळ न्यायची, भिंगासारखी चालते, छान मोठं दिसतं.

चष्मेवाल्यांनी हे नीट वाचा. बाबांना जाड चष्मा आहे आणि जुन्या दुर्बिणीत त्यांना चष्मा काढून बघावं लागायचं, मग पक्षी उडाला की चष्मा शोधा. यात डोळा आणि काच यातलं अंतर १७ मिमीपर्यंत चालतं. १५ च्या खाली असेल तर चष्म्यातून कडा कापल्या जातात आणि मधोमध छोटं भोकच दिसतं. आयकप, म्हणजे डोळ्याला टेकणाऱ्या रबरी कड्या, फिरवून पूर्ण आत करायचे, चष्मा तसाच ठेवून बघायचं. आणि एकदा डायऑप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणारी रिंग, लावून घ्यायचं, हे न केल्यामुळे कितीतरी लोक म्हणतात दुर्बीण डोकं दुखवते. उजवा डोळा मिटून डाव्या डोळ्याने मधल्या चाकाने एखादी पाटी किंवा खोड स्वच्छ करून घ्यायचं, मग डावा मिटून उजव्या डोळ्याकडच्या काचेजवळची ती रिंग फिरवून तेच खोड उजव्याने स्वच्छ करायचं, मग ती रिंग कुठल्या खुणेवर आहे ते लक्षात ठेवायचं. एकदाच करायचं काम आहे. पण घरात दोघंजण वापरत असतील तर दोघांच्या खुणा वेगळ्या, आम्ही नेलपेंटचे दोन ठिपके दिलेत, लाल माझा, पांढरा बाबांचा.

मुलांसाठी मात्र ही नाही. दोन्ही नळ्या जवळ आणल्या तरी त्या ५६ मिमीच्या आत येत नाहीत आणि लहान मुलांचे डोळे त्याहून जवळ असतात, त्यामुळे त्यांना दोन गोल एकमेकांवर चढलेले दिसतात. लेक पहिल्या वर्षी एकच डोळा लावून बघायची, मला वाटायचं तिची स्टाइल आहे. शिवाय वजन ६८० ग्रॅम, पाच मिनिटांत हात खाली. मुलांना छोटी, सहा पटीची, हलकी घेऊन द्या, आमचं तेच ठरलंय.

काच आणि प्रिझम, म्हणजे आतली चित्र सुलट करणारी काच, याबद्दल थोडंच सांगते. नळ्या सरळ असलेल्या दुर्बिणीत रूफ प्रिझम असतं, मधे वाकड्या खांद्यासारखा आकार असलेलीत पोरो. पोरो जुनी पद्धत, इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ साली पेटंट घेतलेलं, अजूनही चित्र सुंदर देते आणि त्याच बजेटात बहुतेक वेळा रूफपेक्षा बरी मिळते, पण आकाराने बोजड. रूफ घेणार असाल तर प्रिझमवर फेज कोटिंग नावाचा खास लेप आहे का विचारा, नाहीतर बारीक तपशील मऊ पडतात. काचेच्या कोटिंगचं महत्त्व असं की कोटिंग नसलेली प्रत्येक बाजू साधारण चार टक्के उजेड परत फेकते, आत अशा दहा बाजू असल्या तरी एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला. झाइस या भिंगं बनवणाऱ्या जर्मन कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली हे परावर्तन कमी करणारं कोटिंग शोधलं. आता बॉक्सवर 'फुली मल्टिकोटेड' लिहिलंय का बघायचं, नुसतं 'कोटेड' नाही. आणि दुकानातली सोपी टेस्ट, दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करायची, सूर्याकडे कधीही नाही, मागच्या काचेत जो उजेडाचा ठिपका दिसतो तो पूर्ण गोल हवा. चार बाजूंनी राखाडी कापलेला दिसला तर प्रिझमची काच हलकी आहे.

पाण्याचं म्हणाल तर यात आत नायट्रोजन भरलेला आहे त्यामुळे आतून वाफ धरत नाही, तीन वर्षांत एकदाही नाही. बाहेरून धरतेच, विशेषतः पहाटे गार दुर्बीण डोळ्याला लावली की आपल्याच श्वासाने काच धुरकट होते. त्याला उपाय म्हणजे डोळ्याला लावून ठेवताना नाकाने श्वास खाली सोडायचा, आणि पुसायची घाई करायची नाही, आपोआप जातं. ओल्या दिवसांत घरी आल्यावर लगेच केसमध्ये कोंबू नका, उघडी सुकू द्या, मग सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, बुरशी एकदा काचेवर बसली की निघत नाही. आणि टीशर्टने पुसणं बंद. आधी ब्लोअरने धूळ उडवायची, मग ब्रश, मग कापड. धूळ तशीच ठेवून पुसलं की तीच धूळ काच घासते.

तक्रारी आहेत, त्या पण लिहिते. सोबत आलेला पट्टा पातळ आणि मानेत रुतणारा, दुसऱ्या कॅम्पला बदलला, पाठीवरून येणारा हार्नेस घेतला, वजन खांद्यांवर जातं, वाकलं तरी दुर्बीण झुलत नाही. हार्नेसशिवाय ४२ ची दुर्बीण दिवसभर बाळगू नका. पुढच्या काचांची झाकणं पहिल्याच दिवशी पडायला लागली, एक ओढ्यात वाहून गेलं. डायऑप्टरच्या रिंगला लॉक नाही, बॅगेत घासून सरकते, म्हणून ते नेलपेंट. भर दुपारी पांढऱ्या आभाळासमोर काळा पक्षी बघितला की त्याच्या कडेला जांभळी रेघ दिसते, आणि चित्राच्या अगदी कडा जरा मऊ आहेत, पण मी पक्षी मधोमधच ठेवते त्यामुळे त्याचा त्रास नाही. सगळ्यात मोठी तक्रार सर्व्हिसची. दोन वर्षांनी डावा आयकप ढिला झाला, फिरवून वर केला तरी खाली बसायचा. पाठवली. सात आठवडे. मेलला उत्तर नाही, फोन केला की पार्ट येतोय, पार्ट येतोय. ऐन पक्षी यायच्या मोसमात दुर्बीण नाही, दोन कॅम्प रद्द केले. शेवटी दुरुस्त होऊन आली, काम व्यवस्थित होतं आणि पैसे घेतले नाहीत, पण एका रबरी रिंगला सात आठवडे म्हणजे फार झालं. घेताना गॅरंटी किती वर्षांची यापेक्षा दुरुस्ती कुठे होते आणि किती दिवसांत हे विचारा.

रात्री दुर्बीण बहुतेक बाजूलाच राहते, तेव्हा तांबड्या दिव्याचा हेडलॅम्प कामाला येतो. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो आणि पांढरा टॉर्च एकदा डोळ्यात गेला की परत पहिल्यापासून. तांबड्या उजेडात ते तितकं बिघडत नाही, आणि बऱ्याच सस्तन प्राण्यांना तांबडं नीट दिसत नसल्याने ते तितके बिचकतही नाहीत. अपवाद एक, पांढरा टॉर्च कपाळापाशी धरून गवतावर आडवा टाका, दवासारखे हिरवे-निळे ठिपके चमकतील, जवळ जाऊन बघा, ते दव नाही, जमिनीवर शिकार करणारे कोळी आहेत, त्यांच्या डोळ्यांतून उजेड परत येतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्या एका तंबूभोवती चाळीसपर्यंत मोजले. पौर्णिमेच्या आसपास मात्र दुर्बीण परत हातात घ्या, स्थलांतराच्या दिवसांत चंद्रावर रोखून निवांत पडून राहा, पाच-दहा मिनिटांत एखादा पक्षी चंद्रासमोरून काळा ठिपका होऊन जातो. कुठून निघालाय, कुठे चाललाय काही कळत नाही, आपण बघितला एवढंच. बाबांनी एका रात्री अकरा पक्षी मोजले, झोपायला तयारच नव्हते.

१०×४२ घ्यावी का असं बरेच विचारतात. मोठ्या तळ्याकाठी, खूप उघड्यावर, लांबची बदकं बघायची असतील आणि हात स्थिर असेल तर घ्या. झाडं-झुडपं, ओढा, संध्याकाळ, घरातली तीन-चार माणसं आळीपाळीने बघणार, अशा कॅम्पला आठच. पाठीवर सगळं सामान घेऊन चालत जाणार असाल तर ८×३२, वजन बरंच कमी होतं, संध्याकाळची दहा-पंधरा मिनिटं गमवावी लागतात.

पाचपैकी साडेचार. अर्धा सर्व्हिसचा कापलाय. पुढच्या महिन्यात परत त्याच ओढ्याच्या वळणावर जातोय, लेकीने तिच्या वहीत त्या झाडाखालची जागा आधीच चित्र काढून ठेवलीये, चार खुर्च्या, मधे तिची नवीन छोटी दुर्बीण, आणि पाण्याच्या कडेला मोठी फुली.